उणं काढायचा रविवार

— नाय, ती खुर्ची नको, तिचा पाय हालतो, हा स्टूल घ्या. बसा, शिवराजराव. गम ओला आहे अजून. आत्ता उचललं तर सगळं आतल्या आत सरकून जाईल, मग कोल्हापूरपर्यंत खडखडत जायचं तुमच्या गाडीत, अन् पोचल्यावर पोरगी म्हणायची, आबांनी हे काय दिलं. थोडा दम धरा. पंखा त्याच्यासाठीच लावलाय, नायतर ह्या शेडमधी पंखा लावत नाय कुणी, काड्या-कागद उडून जातात. चहा येईल वरून. पद्मजाताई पाठवतील — शेड त्यांचीच, मोटार विकून टाकली तेव्हापासून मंडळाला दिलीय, ज्योतीनगरात एवढी जागा कोण देतं. सगळ्यांना घेऊन त्या वर गेल्या, मुद्दामच गेल्या. म्हणल्या, कारभारी, तुम्ही दोघं बसा निवांत. आता आपण दोघं निवांत काय बोलणार? मी तसा बोलणारा माणूस नाय. साळूबाई, आमची मंडळी, ती तर म्हणती की ह्यांच्यापेक्षा रेडिओ बरा, कान पिळला तर बोलतो तरी. पण तुम्ही विचारलंत. व्हय, आत आल्या आल्या विचारलंत, एवढ्याशा घराला एवढा वेळ का लागला. रागानं नाय विचारलं, मला कळतं ते. विचारायचा तुमचा हक्कच आहे. शाळा उघडून गेल्या, लेकराचं नाव तिकडं घातलंय, अन् आमची सून — जीभ वळते अजून तशीच, माफ करा — तनुजा. तुमची मंडळी. ती तिकडं आमच्या मुकुंदवाडीच्या घरी पोरीची वेणी घालत बसली असंल, अन् तुम्ही इथं एका म्हाताऱ्यापुढं गम वाळायची वाट बघताय.

सांगतो. पण मंडळ काय असतं ते कळल्याशिवाय नाय कळायचं. मला पण नव्हतं कळलं. आमचा सोमनाथ दर रविवारी पिशवी घेऊन निघायचा, शेंद्र्याच्या कंपनीत सहा दिवस राबून सातव्या दिवशी माणूस झोपतो की नाय? हा निघायचा. साळूबाई म्हणायची, कुठं जातो रं, तर म्हणायचा, भातुकली खेळायला. आम्हाला वाटायचं चेष्टा करतो. अन् ती खरंच भातुकली निघाली. ते कपाट बघा काचेचं — ते ताईंचं. पितळेचं जातं, पितळेची चूल, बंब, कंदील, पाटा-वरवंटा, सगळं बोटाएवढं. आईची, मावशीची, कुणाकुणाच्या माळ्यावरची गोळा केलेली. ताई जमवणाऱ्यातल्या. त्या सुरेखाबाई, ज्यांनी तुम्हाला मघाशी पाणी दिलं, त्या मातीचं खायचं करतात — तुमच्या नखावर मावतील अशा भाकरी, पापुद्रा सुटलेला दिसतो. अन् ते उंच, कडक शर्टातले, हेमचंद्र सर, ते पाटबंधाऱ्यात नकाशे काढायचे, ते घरं करतात. फुटाला इंच. आपल्या घरात जे फूटभर ते इथं इंचभर, त्यात सूतभर इकडं-तिकडं चालत नाय त्यांना. पट्टी खिशात असती. जेवताना पोळीला लावत असतील असं सुरेखाबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावर म्हणतात. ते हसत नाय. शिकलेली सवरलेली माणसं सगळी, पण रविवारी सकाळी इथं बसून काडेपेटीची कपाटं करतात अन् कुणाला त्याची लाज वाटत नाय. हे मला लई आवडलं. आमच्यात माणूस म्हातारा झाला की पारावर बसतो अन् दुसऱ्याच्या सुना मोजतो.

मी आलो तो सोमनाथची अवजारं द्यायला. तो डेंगूत गेला — तुम्हाला माहीत आहे, तनुजानं सांगितलंच असंल, लग्नाआधी सगळं सांगितलं पाहिजे तसं तिनं सांगितलंय म्हणली. चांगला हिंडता फिरता माणूस, ताप आला म्हणून पडला. जाऊ द्या ते. तर त्याची पिशवी घरात पडून होती — चिमटे, पाती, बारीक करवत — मी म्हणलं आपल्याला काय कळतंय त्यातलं, ज्यांचं त्यांना देऊन यावं. तर ताईंनी त्या फळीवरचं फडकं काढलं अन् हे दाखवलं. तेव्हा नुसत्या भिंती होत्या. दोन खोल्या, दोन खिडक्या, एक दार. मी बघताच ओळखलं. आमचंच घर. स्टेशनाकडून आलं की तिसऱ्या गल्लीतलं, तुम्ही सकाळी आलात ना, तेच. स्वयंपाकघराच्या भिंतीचा तो कोपरा जिथं गिलावा फुगलाय, तो त्यानं फुगवून ठेवला होता. अन् खाली फरशीवर पेन्सिलीनं लिहिलेलं — इथं कपाट, इथं शेगडी, इथं देव्हारा, इथं ईशूचा पाळणा. ईश्वरी पाळण्यातून उतरली होती तोवर, पण त्यानं पाळणाच लिहिला. पोरीसाठी करत होता. मी पिशवी द्यायला आलो अन् पिशवी घेऊनच घरी गेलो. पुढच्या रविवारी परत आलो. कुणी ये म्हणलं नाय, कुणी का आलात म्हणलं नाय. सुरेखाबाईंनी सरकून जागा केली.

हात बघा माझे. जाधववाडीच्या मार्केटात जन्म गेला ह्या हातांचा, सिल्लोडकडून मक्याचा ट्रक आला की आम्ही पाठ लावायची. पोतं कसं धरायचं ते ह्यांना कळतं. चिमट्यात काडी धरायची म्हणजे — पहिलं कपाट केलं ते बसायच्या आधीच कलंडलं. दुसऱ्याचं दार माझ्या अंगठ्यालाच चिकटून आलं, तसाच घरी गेलो मी रिक्षातनं, अंगठ्याला कपाट. साळूबाई त्या दिवशी हसली, सोमनाथ गेल्यावर पहिल्यांदा. हेमचंद्र सर म्हणायचे, कारभारी, तुम्ही मुंग्यांना कामाला ठेवा, त्यांचे हात बरे. मी पण म्हणायचो, ठेवतो सर, पण त्या साखर मागतात. असं चालायचं. वाकडंतिकडं करायचो, त्यातलं बरं असंल ते ठेवायचो. ते कपाट बघा, आत्ता पण जरा झुकलेलंच आहे. सरांनी पट्टी लावली, अन् मग पट्टी खिशात ठेवली.

आता तुमच्या प्रश्नाचं. ह्या मंडळात एक पद्धत आहे. घर झालं असं करणाऱ्यानं म्हणायचं नाय. करणाऱ्यानं नुसतं टेबलावर आणून ठेवायचं, अन् ही बॅटरी — ही, बारीक, कान तपासायचे डॉक्टर वापरतात तसली — ही एकेकानं घ्यायची, खिडकीतून आत मारायची अन् बघायचं काय उणं आहे. ज्याला जे दिसंल ते त्यानं बोलायचं. पायपुसणं नाय. बल्बला वायर नाय. देव्हाऱ्यात काडेपेटी नाय. उणं निघालं की करणाऱ्यानं ते परत आपल्या घरी न्यायचं, आठवडाभरात ते करायचं, पुढच्या रविवारी परत टेबल. ज्या रविवारी सगळ्यांची बॅटरी फिरून झाली अन् कुणालाच उणं सापडलं नाय, त्या दिवशी घर झालं. मग पेढे. हेमचंद्र सरांचं एक घर लई दिवस असं ये-जा करत होतं, त्यांचंच काढलेलं उणं त्यांच्याच गळ्यात यायचं, सुरेखाबाई तर वाट बघत बसायच्या त्यांच्या पाळीची. वाईट नाय वाटत कुणाला. उणं काढतात म्हणजे लक्ष देऊन बघतात, असं धरतात इथं.

अन् तिकडं तुमचं ठरलं. मी नाय म्हणलो नव्हतो, शिवराजराव, हे तुम्हाला माहीत असू द्या. तनुजाचे वडील सिल्लोडहून आले, तोंडातून शब्द निघंना त्यांच्या, तर मीच म्हणलं — पोरगी तरणी आहे, तिचं आयुष्य आमच्या चुलीपाशी बांधून ठेवायला आम्ही कोण. माणूस बघा, चांगला बघा. तुमचं कळलं, मूळ भोकरदनचे, नोकरी कोल्हापूरला, पहिली मंडळी बाळंतपणात गेलेली — मी म्हणलं ज्याला दुःख माहीत आहे तो बरा. लग्नात अक्षता टाकल्या मी. साळूबाईला जमलं नाय, ती आत बसून राहिली, पण मी टाकल्या. पोरीची परीक्षा व्हायची होती म्हणून ती आमच्यापाशी राहिली. अन् परीक्षा झाली तेव्हा तनुजा न्यायला आली, तर ईश्वरी म्हणली, पप्पांचं घर झालं की मी येते. दाराला धरून म्हणली. तनुजानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, होतच आलंय. दोन-तीन रविवार. मग तनुजाच म्हणली, ठीक आहे, घर झालं की मी हिला घेऊन जाते, तोवर राहू द्या. शब्द झाला तो. घर झालं की.

झालंच होतं की. राहिलं काय होतं — माठ, कालवणाचं पातेलं, दाराची कडी. पुढच्या रविवारी टेबलावर ठेवलं, तर सुरेखाबाई म्हणल्या, कॅलेंडर नाय. खरंच राहून गेलं होतं. आठवडाभरात कॅलेंडर केलं, ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारी ताई म्हणल्या, माठावर झाकण नाय — आता झाकण केलेलं होतं, मी ते रिक्षातच काढून खिशा— नाय. म्हणजे, ते राहिलं होतं ना, झाकण. विसरलो होतो. बघा, म्हातारपणी असं होतं, केलं का नाय केलं —

तुम्ही ऐकलंत व्हय. ऐकलंत. मग आता काय लपवायचं. तसं तुमच्यापासून लपवून मला काय मिळणार आहे, तुम्ही तर घेऊनच चाललाय. मीच काढत होतो. शनिवारी करून ठेवायचं अन् रविवारी रिक्षात बसलो की आतलं काहीतरी चिमट्यानं काढायचं, खिशात टाकायचं. कधी कुकरची शिट्टी. कधी नळाची तोटी. पुढच्या वेळी ते लावायचं, दुसरं काढायचं. इतक्या बारीक वस्तू, खिशात पडल्या तर वजन नाय, आवाज नाय. मी जन्मात कुणाच्या पोत्यातला दाणा खाल्ला नाय, शिवराजराव, मार्केटात विचारा कुणालाही. अन् ह्या वयात स्वतःच्याच घरातलं चोरत होतो. आठ दिवस मिळायचे. आठ दिवस म्हणजे काय, सकाळी ती शेजारी येऊन बसती, चहात बुडवून बटर खाती, सगळा चहा माझ्या धोतरावर. एवढंच. त्याच्यासाठी.

तुम्हाला वाटंल मंडळाला कळलं नसंल. मला पण तसंच वाटायचं. पण एका रविवारी मी काढायचंच विसरलो — खरोखर विसरलो. ईश्वरीला रात्रभर खोकला होता, माझं डोकं जाग्यावर नव्हतं. घर टेबलावर ठेवलं तेव्हा ध्यानात आलं की खिसा रिकामा आहे. ताईंनी बॅटरी मारली, बघितलं, गप्प. सुरेखाबाईंनी बघितलं, गप्प. मी रिकामा खिसा चाचपत राहिलो. मग हेमचंद्र सरांनी बॅटरी घेतली — आता ते म्हणजे कसे, खोटं बोलायचं झालं तरी आधी मोजमाप घेतील — ते लई वेळ बघत राहिले. मग म्हणले, कारभारी, बाहेरच्या भिंतीचा रंग दक्षिणेकडून उन्हानं उडलेला असायला पाहिजे, इथं चारी बाजूंनी सारखाच आहे. असं घर नसतं. उणं आहे. अन् बॅटरी विझवून टाकली. ताई लगेच म्हणल्या, बरोबर आहे, रंग करून आणा. कुणी माझ्याकडं बघितलं नाय. तेव्हा मला कळलं की ह्यांना सगळं ठाऊक आहे, कधीपासूनचं. त्याच्यानंतर काय काय उणं काढलं त्यांनी, तुम्हाला हसू येईल. कपाटाच्या मागं कोळ्याचं जाळं नाय. डाळीच्या डब्यात किडा नाय. सुरेखाबाईंनी सांगितलं, पंख्यावर धूळ कमी आहे — मी धूळ लावत बसलो. पण ती माणसं तरी किती दिवस पुरवणार? घर एवढंसं. त्यात किती उणं मावणार.

मागच्या रविवारी साळूबाईला गावाकडं जावं लागलं, भाचीचं बाळंतपण, म्हणून ईश्वरीला संगं आणावं लागलं. तुमचा फोन येऊन गेला होता आदल्या दिवशी. तुम्ही काही वेडंवाकडं बोलला नाय, एवढंच म्हणलात, आबा, शाळा सुरू झालीय. त्या दिवशी मी झाकणच काढलं होतं परत, माठाचं, नवीन काय काढावं ते सुचंना. सगळ्यांनी बघितलं, अन् ताईंनी — त्यांच्या मनात काही नव्हतं, पद्धतच आहे, घरात जो कुणी असंल त्यानं बघायचं — त्यांनी पोरीला ह्याच स्टुलावर उभं केलं, तिच्या हातात बॅटरी दिली, म्हणल्या, तू बघ गं, काय उणं आहे. सगळे हसत उभे. पोरीनं एक डोळा मिटला, खिडकीला नाक लावलं. बापाची सवय, तो पण असाच एक डोळा मिटायचा. पहिल्या खिडकीतून बघितलं. दुसऱ्या खिडकीतून बघितलं, स्वयंपाकघर, माठापाशी बॅटरी थांबली ते मी काचेतून बघतोय, उघडा माठ. मी मनात म्हणतोय, म्हण बाई, म्हण झाकण नाय, तुला तर रोज दिसतं ते. अन् तिनं बॅटरी विझवली, खाली उतरली. म्हणली, सगळं आहे. झालं घर.

पेढे नव्हते आणलेले, ताई आत गेल्या अन् साखर घेऊन आल्या, चिमूट चिमूट दिली सगळ्यांना. हेमचंद्र सर पाठ करून उभे होते, पट्टी पुसत होते.

घरी जाताना रिक्षात ती माझ्या मांडीवर हात ठेवून बसली. सेव्हन हिलपाशी रिक्षा अडकली, तिथं म्हणली, आबा, तुमच्या खिशातलं झाकण लावून टाका ना आता. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हणलं, कुठलं झाकण गं? तर म्हणली, जे तुम्ही काढता ते. आधी शिट्टी काढली होती, मग तोटी. मी आजीसाठी तुमच्या खिशातून बटवा काढायला गेलते तेव्हा बघितली होती. मी विचारलं, मग सांगितलं का नाय? तर म्हणली, तुम्हाला करमत नाय म्हणून. अन् मग — मग असं म्हणली, बाहेर बघत, गाड्यांकडं — पण आबा, मम्मीला पण करमत नाय. ती रोज फोनवर रडती, तुम्ही झोपल्यावर.

सात वर्षांचं लेकरू. सात वर्षांच्या लेकरानं दोन्ही घरं उचलून धरली होती, अन् मी पोती उचलणारा, मला काही समजलं नाय. ती मला दिवस देत होती. मी समजत होतो मी घेतोय.

मी म्हणलं, लावतो गं. घरी जाऊन लावलं. तिनंच चिमट्यानं लावलं. मग आज सकाळी तुमचा चहा झाल्यावर पुढं येऊन सगळं गमानं चिकटवून टाकलं. प्रवासात सरकू नये म्हणून सर म्हणले व्हय, पण ते एक झालं. आता मला पण काही काढता येत नाय. बघा, मी काल रात्री विचार केला की चिकटवायच्या आधी एक वस्तू खिशात राहू द्यावी, माझ्यापाशी, निशाणी म्हणून. नाय ठेवली. ती तिथं गेल्यावर बॅटरी मारंल अन् तिला कळंल. तिच्यापुढं परत चोर व्हायचं नाय मला.

एक विचारायचं होतं तुम्हाला. राग नका मानू. त्या खोलीत खुंटी आहे ना, दाराच्या मागं — व्हय, डावीकडं — तिच्यावर निळा शर्ट आहे. त्याच्या कंपनीचा. सुरेखाबाईंनी शिवून दिला, त्याच्याच शर्टाच्या बाहीचं कापड आहे. खऱ्या घरात त्याचा फोटो आहे भिंतीवर, हार घातलेला, तुम्ही सकाळी त्याच्याखालीच चप्पल काढलीत. ह्या घरात फोटो नाय. त्यानं आखलं तेव्हा तो जिता होता, मग फोटो कुठून असणार. ह्या घरात तो मेलेला नाय, शर्ट काढून आंघोळीला गेलाय नुसता. आता हे घर तुमच्या घरात राहणार. तुम्हाला रोज दिसणार. तनुजाला दिसणार. तुम्हाला अडचण वाटत असंल तर सांगा, चिकटवलाय खरा पण खुंटीसकट काढतो, भिंतीला थोडी खपली जाईल, तिथं काहीतरी — नको? राहू द्या म्हणता? बघा, मनापासून सांगा. तिच्यासाठी राहू द्या म्हणता. बरं. बरं, शिवराजराव.

वाळलं असंल आता. बोट लावून बघतो. वाळलं. ताईंनी चहा पाठवलाच नाय बघा, खाली यायची हिंमत होत नसंल कुणाची. हे घ्या. बॅटरी. घ्या की — पद्धत आहे म्हणलो ना, घरात जो कुणी असंल त्यानं बघायचं, अन् तुम्ही तर आता — घ्या. एक डोळा मिटा, तसं नीट दिसतं. हां. सावकाश बघा, घाई नाय. पहिल्या खोलीत कपाट, टीव्ही, दिवाण, त्याच्यावर हिमरूचा तुकडा पसरलाय, ताईंच्या जुन्या शालीचा. वर पाळण्याची कडी. आत शेगडी, माठ — झाकण दिसलं? — फळीवर डबे. पाटा. बघा, बघा. तुम्ही काय नकाशेवाले नाय, तुमच्याकडून काही राहून जाईल असं नका समजू, नव्या माणसाला कधीकधी जास्त दिसतं.

काय?

माझी खाट.

व्हय... नाय त्यात. बरोबर बघितलंत. सकाळी तुम्ही तिच्यावरच बसून चहा घेतला, म्हणून ध्यानात राहिलं तुमच्या. एवढ्या बॅटऱ्या फिरल्या, कुणी म्हणलं नाय बघा. सरांनी पण नाय. खरं सांगू, मला पण — पण तसं ते उणं धरता येत नाय, शिवराजराव. खाट ओट्यावर असती, भाईर. आत उकडतं मला. अन् सोमनाथनं घर उंबऱ्यापर्यंतच आखलंय, ओटा धरलाच नाय त्यानं. उंबऱ्याच्या आत जे ते घर. भाईरचं मोजत नाय मंडळात, तसा नियमच आहे. आहे नियम, मी सांगतो ना.

काय म्हणता? आठ दिवस... ओटा करून घ्या म्हणता? तुम्ही तनुजाला समजावून सांगाल. परत येता म्हणता पुढच्या रविवारी. एवढं लांबून.

चांगले आहात तुम्ही. मी तनुजाच्या वडलांना म्हणलं होतं तसेच निघालात.

नको. तिनं बॅग भरलीय. काल संध्याकाळपासून दारात ठेवलीय, सारखी जाऊन चेन लावून बघती. आता मी जाऊन सांगू, राहिलंय अजून? ती राहील हो. लगेच राहील, तोंड वाकडं न करता राहील, अन् बॅग उचलून परत आत ठेवील. ते मला बघायचं नाय. घर झालंय. तिनं सांगितलंय झालं म्हणून, तिच्यापुढं तुमचं-माझं काय चालणार.

द्या ती बॅटरी इकडं. आता उठा. असं खालून धरा, दोन्ही हात फळीच्या खाली — पोटाशी घ्या, लांब नका धरू, हात भरून येतात. मी दार उघडतो. नाय, मी येत नाय संगं. माझं इथं आवरायचंय, सगळा पसारा पडलाय, रविवार आहे आज, माणसं वर खोळंबलीत. तुम्ही जावा. तिला म्हणावं, आबा कामात आहेत. गाडी हळू चालवा. चला, निघा.